नांगर कुठे टाकावा: मधल्या पाण्यात की तिवरांच्या काठाला?

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाहून होडी काढून दोघांनी दिवसभर खाडीत निवांत बसायचं, तर जागा दोनच.

मधल्या पाण्यात होडी कायम तरंगती राहते, मनात आलं की निघता येतं. चिखलाचा तळ नांगर घट्ट धरतो, पण दोर भरतीच्या खोलीच्या निदान 5 पट सोडावा लागतो. दोर आखडता घेतला तर नांगर घसरतो. जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी मात्र स्टोव्हवरचा चहा सांडतो, आणि सावली म्हणाल तर नावालाही नाही.

काठाला वारा पडलेला, तिवरांचा आडोसा. ओहोटीला पाणी सरकलं की होडी चिखलावर टेकते आणि पुढचे काही तास तुम्ही तिथलेच. उतरायचं मनातही आणू नका, पाय मांडीपर्यंत रुततो. पण खरी मजा तेव्हाच सुरू होते. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, शेपटीवर उड्या मारतात, खेकडे बिळातून डोळे वर काढतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दिसले तर ते चोच उलटी धरून चिखल गाळत पुढे सरकतात. अशा वेळी आम्ही दोघं तासन् तास बोलत नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही.

माझं मत काठाचंच. फक्त तळ सपाट हवा, नाहीतर होडी कलंडते. दिवसही अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाचा, निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार लांब जातं, तेव्हा मधलं पाणीच बरं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका.