डोनर संपलाय, आता दाढीचे केस घ्यायचे का छातीचे?

हेअर ट्रान्सप्लांटसाठी केस काढायची नेहमीची जागा, म्हणजे डोनर, ही डोक्याच्या मागे आणि कानांच्या वरच्या बाजूला. पहिलं म्हणजे, तिथे बऱ्यापैकी दाट केस शिल्लक असतील तर हा प्रश्न तुमचा नाहीच, आधी तेच वापरा, त्याच्या तोडीचं अंगावर दुसरीकडे कुठेही काही नाही. दाढी-छातीचा विचार कोणी करायचा, तर टक्कल नॉरवुडच्या (टक्कल मोजायची पट्टी, एक ते सात) सहा-सातपर्यंत पोचलंय आणि मागचा पट्टा अरुंद उरलाय त्यांनी, किंवा पूर्वी कुठेतरी स्वस्तात करून घेतलं आणि मागची बाजूच विरळ होऊन बसली त्यांनी, किंवा जुन्या स्ट्रिपचा (मागची कातडीची पट्टी कापून केस घ्यायची पद्धत) आडवा वण झाकायचाय त्यांनी.

क्लिनिकमध्ये सगळं बोलणं ग्राफ्टच्या (मुळासकट काढलेला केसांचा छोटा पुंजका) आकड्यात होतं आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. डोक्यामागच्या एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन-सव्वादोन केस येतात, दाढीच्या किंवा छातीच्या ग्राफ्टमध्ये बहुतेक वेळा एकच. म्हणजे डोक्याचे 2000 ग्राफ्ट लावले तर चार-साडेचार हजार केस झाले, आणि छातीचे 2000 लावले तर जेमतेम दोन हजारांच्या आसपास, आणि ते पण सगळे जगले तर. दर मात्र ग्राफ्टवर लागतो, उलट अंगावरच्या ग्राफ्टला बऱ्याच ठिकाणी जास्तच लावतात कारण काढायला वेळ जातो, वर 18 टक्के जीएसटी, आणि कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेममध्ये पण बसत नाही. त्यामुळे कोटेशन हातात आलं की "ग्राफ्ट किती" ऐवजी "केस किती, आणि त्यातले कुठले किती" हे विचारा, समोरचा माणूस किती सरळ आहे ते लगेच कळतं.

आता दाढी. माझ्या मते डोक्यानंतरचा दुसरा नंबर हिचाच, आणि तिसरा बराच लांब आहे. दाढीचा केस जाड असतो, डोक्याच्या केसापेक्षा सहसा जाडच, त्यामुळे थोड्या केसांत जास्त जागा भरल्यासारखी दिसते. काढायला तुलनेने सोपा, लावल्यावर टिकतोही चांगला. घेतात तो जबड्याच्या खालून, हनुवटीखालून आणि मानेवरून, म्हणजे दाढीचा दिसणारा भाग तसाच राहतो. दाट दाढीवाल्याकडून दीड-दोन हजार निघू शकतात, विरळ दाढीवाल्याने मात्र फार आशा ठेवू नये. आणि ज्या डीएचटी हार्मोनमुळे डोक्यावरचे केस बारीक होत होत जातात त्याच्यावरच दाढी-छाती वाढते, त्यामुळे ही मुळं टकलाच्या कारणाने मरत नाहीत, हा फायदा दोघांनाही आहे.

तोटे? हा केस राठ. पुढच्या रेषेत लावला तर कपाळावर ब्रश चिकटवल्यासारखं दिसतं, तिथे डोक्यामागचे एकेरी बारीक केसच पाहिजेत. दाढीचे केस मधल्या भागात आणि भोवऱ्यावर, तेही डोक्याच्या केसांत मिसळून लावायचे. शिवाय आपल्याकडे पुष्कळ जणांची दाढी डोक्याच्या आधी पांढरी होते, तसा केस वर गेला तरी पांढराच उगवणार, मग डाय लावायची तयारी ठेवा. आणि रोज गुळगुळीत दाढी करणारे असाल तर जबड्याखाली बारीक पांढरट ठिपके राहू शकतात, सावळ्या कातडीवर ते जरा जास्त उठून दिसतात.

छातीचं गणित मुळातच वेगळं आहे. डोक्याचा केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो आणि कुठल्याही वेळी 85-90 टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. छातीचा केस काही महिनेच वाढतो, मग विश्रांतीला जातो, आणि कुठल्याही वेळी बरेचसे केस, कधी अर्ध्याहून जास्त, विश्रांतीतच असतात. म्हणजे लावले आणि जगलेही, तरी सगळे एकदम दिसणार नाहीत. डोक्यावर गेल्यावर ते लांब वाढतात का? काही प्रमाणात हो. ऑस्ट्रेलियातल्या वूड्स आणि कॅम्पबेल यांनी 2004 मध्ये एका पेशंटचं प्रकरण छापलं होतं, त्यात छातीचे केस डोक्यावर गेल्यावर आधीपेक्षा लांब वाढले. कोरियातल्या ह्वांग यांच्या कामातूनही दिसलं की केस जिथे लावला त्या जागेचा त्याच्या वाढीवर परिणाम होतो. पण म्हणून तो अगदी डोक्याच्या केसासारखा वागेल असं धरून चालू नका, भांग पाडून मागे वळवायचे केस छातीतून मिळत नाहीत.

काढणंही किचकट. छातीची कातडी सैल, केस आडवा झोपलेला, आत मूळ वळलेलं, त्यामुळे पंच (मूळ काढायचं बारीक गोल पातं) मारताना मुळं तुटायचं प्रमाण वाढतं. अनुभवी डॉक्टर काही दिवस आधी छाती शेव्ह करायला सांगतात आणि तेवढ्यात जे केस उगवून वर आले तेच काढतात, कारण तेच वाढीच्या अवस्थेतले. बधिर करायच्या इंजेक्शनलाही वजनाप्रमाणे मर्यादा असते, छातीचा पसारा मोठा, म्हणून दोन-तीन बैठका होतात. आणि छातीवर गाठीसारखा वण उठायची शक्यता अंगावरच्या इतर बऱ्याच जागांपेक्षा जास्त, तेव्हा कान टोचलेल्या जागी किंवा दंडावरच्या लशीच्या जागी तुमचा वण फुगून गाठ झालेली असेल तर छातीचा विषय तिथेच सोडा. नसेल, छाती खरंच दाट असेल आणि दाढी वापरून संपली असेल, तर मधल्या भागात भर घालायला ठीक, दाढीच्या राठ केसांच्या मध्ये तो जरा मऊपणाही आणतो.

पाय-हाताचे केस फार बारीक, काही सर्जन पुढच्या रेषेत थोडेसे वापरतात एवढंच. काखेतले वगैरे कुरळे, ते नकोच.

एक पर्याय लोक कमीपणाचा समजतात, तो म्हणजे डोक्यावर ठिपक्यांचं पिग्मेंटेशन, म्हणजे सुईने रंगाचे बारीक ठिपके गोंदणं. केस बारीक कापून ठेवायला हरकत नसेल तर विरळ डोनर आणि स्ट्रिपचा वण दोन्ही त्यात चांगले झाकले जातात आणि खर्च बराच कमी. अर्थात काही वर्षांनी रंग फिका पडतो, पुन्हा करावं लागतं.

एका दिवसात सगळं उरकून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा अशाच हजारो ग्राफ्टच्या लांबलचक बैठकीनंतर मृत्यू झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित डॉक्टरनेच करायचं, यूट्यूब बघून शिकणं हे प्रशिक्षण नाही. (हे लिहून सांगावं लागलं यातच काय ते आलं.) म्हणून पंच कोण मारणार, डॉक्टर की टेक्निशियन, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

आणि तरीही दाढी की छाती ठरत नसेल तर टेस्ट करून घ्या. दोन्हीकडचे शंभरेक ग्राफ्ट भोवऱ्याजवळ वेगवेगळ्या चौकोनांत लावायचे, फोटो काढून ठेवायचे, आणि वर्ष-सव्वा वर्ष थांबायचं, कारण अंगावरचे केस उशिरा येतात. तेवढ्यात हनुवटीखालचे आणि छातीवरचे वण कसे भरले तेही दिसतं. मधल्या काळात डोक्यावरचे उरलेले अजून गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारून फिनास्टेराइड-मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधांचं बघा, नाहीतर एकीकडे लावताय आणि शेजारचे जातायत असं होईल.