डंपरवरची पेलोड (भरलेल्या मालाचं वजन मोजणारी) सिस्टीम, काही महिने वापरल्यावर

आमच्याकडे खाणीत शंभर टनी डंपरांवर ही सिस्टीम बसवून बरेच महिने झाले, मधे एक पावसाळाही काढून झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. चारही सस्पेन्शन स्ट्रटला (गाडीचा भार पेलणारे नायट्रोजन-ऑइलचे दांडे) प्रेशर सेन्सर, त्यावरून बॉडीत किती माल पडला त्याचा हिशोब, आणि केबिनबाहेर दिवे जे माल भरणाऱ्या शोवेलवाल्याला लांबून दिसतात, एवढंच आहे.

विकणारा सांगतो प्रॉडक्शन वाढेल. वाढलं, पण तो म्हणाला तसं नाही. सरासरी लोड फारसा हलला नाही, दोन खेपांमधला फरक कमी झाला आणि खरा फायदा तिथेच आहे. आधी एक गाडी ऐंशी टनांवर निघायची आणि तिच्या मागची एकशेपंधरावर, महिन्याच्या रिपोर्टात सरासरी एकदम झकास, मार खायचे टायर आणि फ्रेम. कॅटरपिलरचा १०/१०/२० नियम याचसाठी आहे: सरासरी टार्गेटएवढी, ११० टक्क्यांवर गेलेल्या खेपा दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि १२० टक्क्यांवर एकही नको, कारण त्यापुढे ब्रेक आणि स्टिअरिंगचा भरवसा नाही.

ऑफिसातल्या स्क्रीनपेक्षा बाहेरचे दिवे जास्त कामाचे, हे माझं ठाम मत. तीन बकेट पडल्या, अजून थोडी जागा दिसतेय, तेव्हा शोवेलवाला हमखास अजून एक मारतो. दिवा असला की हात थांबतो. बकेट अर्धी असो नाहीतर पूर्ण, फिरून यायला वेळ तेवढाच लागतो आणि तोवर मागे दुसरी गाडी उभी असते, म्हणून चार-पाच टनांसाठी एक पास (बकेटची एक फेरी) घालवण्यात काही अर्थ नाही. पावसात तर हे अजून जाणवतं, ओला माल दिसायला तेवढाच पण वजनाला जास्त, डोळ्याचा अंदाज तिथे फसतोच.

रिकामी परत येणारी गाडी स्क्रीनवर काही टन दाखवत असेल तर लगेच सेन्सर बदलू नका, आधी बॉडीच्या कोपऱ्यात बघा. चिकट माल खाली पडतच नाही, तोच प्रत्येक फेरीला फुकट फिरत असतो.

अनपेक्षित फायदा हॉल रोडचा, म्हणजे डंपर ये-जा करतात त्या रस्त्याचा. खड्ड्यातून गेल्यावर स्ट्रटचं प्रेशर एकदम उसळतं, आणि तेच ठिकाण रोज दिसायला लागलं की रस्ता सपाट करणारा ग्रेडर कुठे पाठवायचा त्यावर वाद उरत नाही. रस्ता मऊ पडून रोलिंग रेझिस्टन्स (चाकांना रस्त्याचा होणारा विरोध) २ वरून ४ टक्क्यांवर गेला तर ८ टक्क्यांच्या चढावर भरलेली गाडी एकूण १० ऐवजी १२ टक्के ओढते, म्हणजे स्पीड साधारण सहाव्या हिश्श्याने खाली, आणि डिझेल जातं ते वेगळंच.

आता तक्रारी. स्ट्रटमधला नायट्रोजन किंवा ऑइल कमी झालं की आकडे वाट्टेल ते यायला लागतात, आणि सिस्टीम स्वतः काही बोलत नाही. गाडी उभी असताना चारही स्ट्रटची उंची डोळ्याने बघायची सवय मेकॅनिकला लावावी लागली. फेसवर (जिथे शोवेल माल भरतो) जमीन तिरकी असेल तर भरतानाचं वजन धरूच नका, गाडी सपाट रस्त्याला लागल्यावर ती परत वजन घेते, तोच आकडा धरायचा. अधूनमधून चाकांखाली पोर्टेबल काटे घालून पडताळणी करावी लागते, त्यात गाडी अडकते आणि शिफ्टवाला वैतागतो, ते वेगळं. विकणाऱ्याचा सर्व्हिसवाला तर बोलावल्यावर दर वेळी कॅलिब्रेशन करून निघून जायचा, स्ट्रटला हातसुद्धा न लावता.

आणि शोवेलपाशी गाड्यांची रांग लागत असेल तर त्यावर याचा काही उपयोग नाही. गाड्या जास्त आणि शोवेल एकच असेल तर इंजिन चालू ठेवून सगळे उभेच राहणार, त्याला डिस्पॅच, म्हणजे कुठली गाडी कुठे पाठवायची ते, सुधारायला हवा.

घेणार असाल तर दिवे दोन्ही बाजूंना आहेत का ते बघा, आमच्या काही गाड्यांना एकाच बाजूला आहेत आणि शोवेल दुसऱ्या बाजूने भरत असला की ऑपरेटर हॉर्नवरच काम चालवतात. कच्चा डेटा आपल्याला काढून घेता येतो का तेही ऑर्डरच्या आधी लेखी घ्या, नंतर त्याचे वेगळे पैसे मागतात.