शेजारच्या दाराची घंटा

घर बघायला जाताना पर्समध्ये मोजपट्टी ठेवायची सवय मला सातव्या महिन्यात लागली. तोवर आम्ही नुसत्या डोळ्यांनी घरं बघायचो. मग एका घरावर दोन दिवस खल करून झाल्यावर लक्षात आलं, की आमचं कपाट तिथल्या कुठल्याच भिंतीला बसणार नाही. तेव्हापासून मोजपट्टी. शेवटी जे घर आम्ही 'घेतलं', त्याच्या कुलूप लागलेल्या दारासमोर मी तीच मोजपट्टी घेऊन उभी होते. जिन्यात एक अनोळखी गृहस्थ उभे होते, फोन कानाला लावून. त्यांच्या हातातही मोजपट्टी होती.

आम्ही दोघंही शिकलेले, कागद वाचून सही करणारे. त्यामुळे 'असं कसं फसलात?' हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारला. पण ज्याने आम्हाला ते घर 'विकलं' त्या माणसाला भेटलो तेव्हा आम्ही ते सावध नवरा-बायको राहिलोच नव्हतो.

अकरा महिने, एकोणचाळीस घरं. सगळ्यांची नोंद वहीत आहे. त्यातली दोन हातातोंडाशी येऊन गेली. पहिल्या घराला आम्ही 'रात्रभर विचार करून सांगतो' म्हणालो आणि सकाळी फोन केला तर ते गेलं होतं. दुसऱ्या घराचं सगळं तोंडी ठरलं, पेढे वाटायचे तेवढे बाकी, आणि ऐन वेळी मालकाने किंमत वाढवली. त्यातच आमच्या घरमालकाने जागा सोडायची तारीख दिली. आमची भांडणं स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीवरून व्हायला लागली, तीही दुसऱ्याच्या घरातल्या ओट्याच्या. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या ताणाच्या 43 घटनांची यादी गुणांसकट केली होती. जोडीदाराचा मृत्यू 100, मोठं कर्ज 31, राहतं घर बदलणं 20. घर शोधणं हे त्या यादीत कुठेच नाही. आता मी ती यादी वाचते तेव्हा पेन घेऊन चव्वेचाळिसावी ओळ लिहावीशी वाटते.

तर अशा अवस्थेत ती जाहिरात दिसली. किंमत फार कमी असती तर आम्हालाही शंका आली असती. ती आसपासच्या घरांपेक्षा किंचितच कमी होती. भेटीत त्याने आधी जाहिरातीतला आकडा सांगितला, मग 'माणसं चांगली वाटता' म्हणून थोडा खाली आला. बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "चांगली घासाघीस केलीस." मी खूश. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांचा 1987 मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एकच घर मुरलेल्या एजंटांना वेगवेगळी मागणी-किंमत सांगून दाखवलं, तर घराचा त्यांनी केलेला अंदाजही त्या आकड्यामागे गेला. रोज घरं विकणाऱ्यांची ही गत, मग आमची काय कथा!

माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, चष्म्याला दोरी. आधी पाणी विचारलं. घरात सामान अगदी थोडं. स्वयंपाकघरात दोन ताटं, दोन पेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटोंच्या चौकटींचे फिकट चौकोन होते, चौकटी नव्हत्या. "सामान हलवायला सुरुवात केलीय," तो म्हणाला. दाराचं कुलूप नवंकोरं, त्याच्यावरचा किमतीचा कागद अर्धा तसाच. विजेचं बिल दुसऱ्याच नावावर. "वडिलांचं नाव, बदलायचं राहूनच गेलं." यातली एकेक गोष्ट कुठल्याही घरात असू शकते. मला तीनही गोष्टी खटकल्या होत्या, पण मी मनातल्या मनात त्यांची उत्तरं स्वतःच तयार करून टाकली. त्याला खोटं बोलायचे फारसे कष्ट पडलेच नाहीत.

आणि तो बोलला कमी, विचारलं जास्त. "ताई, किती दिवस शोधताय?" "कुठे काही ठरलं नाही का अजून?" "सध्याची जागा कधीपर्यंत आहे?" "कर्ज मंजूर झालंय की व्हायचंय?" आपुलकीने विचारणारा माणूस कितीतरी दिवसांनी भेटला होता. आम्ही सगळं सांगितलं: दोन घरं गेली, तारीख जवळ आली, बँकेने एवढी रक्कम मंजूर केली, हाताशी एवढी शिल्लक आहे. दुसऱ्या भेटीत त्याने जे टोकन मागितलं ते आमच्या शिल्लकीत नेमकं बसणारं होतं. त्यालाही आम्ही योगायोग समजलो.

कागद दाखवले ते सगळे झेरॉक्स. मूळ कागद बँकेत, कारण घरावर कर्ज आहे; तुमच्या टोकनमधून उरलेलं कर्ज फेडतो, कागद सोडवून आणतो आणि लगेच करार करू. यातली मेख अशी, की तारण ठेवलेल्या घराचे मूळ कागद खरोखरच बँकेत असतात. म्हणजे कारण खरं होतं, माणूस खोटा होता. कर्ज कुठल्या बँकेत, खातं क्रमांक काय, बाकी किती याचं बँकेचं पत्र मागितलं असतं आणि टोकन थेट त्या कर्जखात्यात भरतो म्हटलं असतं, तर तो त्याच दिवशी गायब झाला असता. तसं सुचलंही नाही.

आणखी एक गोष्ट त्याने अगदी हळू आवाजात सांगितली. "शेजारी कुणाशी बोलू नका. त्यांच्या भाच्याला हे घर पाहिजे. कळलं तर विघ्न आणतील." या एका वाक्यासाठी मी त्याला, काय म्हणू, कसबी म्हणेन. शेजारच्या काकू आम्हाला दोनदा जिन्यात भेटल्या, हसल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं. आम्ही मान खाली घालून उतरलो. ज्या बाईच्या एका वाक्याने आमचे पैसे वाचले असते, तिच्यापासून आम्ही ते घर लपवत होतो.

माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, वकिलाकडून मालकीची तपासणी करून घे. वकिलाने दहा दिवस सांगितले. त्या माणसाने सांगितलं, सोमवारी दुसरी पार्टी सगळे पैसे घेऊन येतेय. मी ताईवर वैतागले. "तुला काय, तुझं घर झालंय," असं म्हणून फोन ठेवला. पैसे गेल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त बोचतं.

शनिवारी पैसे पाठवले. आमच्या दोघांचे मिळून चार महिन्यांचे पगार होते ते. खातं त्याच्या नावावर नव्हतं. मेहुण्याचं, म्हणे कर्ज त्याच्यामार्फत फेडायचंय. त्याने पावती लिहिली, शाईच्या पेनाने सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसला. ती फुंकर अजून डोळ्यांसमोर येते. घाई नव्हती त्याला. घाई सगळी आमची होती.

पडद्यांची मापं घ्यायला पुढच्या रविवारी गेलो ते वर लिहिलेलं दार. मोजपट्टीवाल्या त्या गृहस्थांकडे आमच्यासारखीच पावती होती, तीच शाई. आमच्या आवाजाने शेजारचं दार उघडलं. काकू म्हणाल्या, "ते मालक? छे हो, भाडेकरू ते. अडीच महिने झाले असतील फार तर." खऱ्या मालकांचा नंबर त्यांच्याकडेच होता. मालकांना घर विकायचंय हे मालकांनाच आमच्याकडून कळलं.

यानंतर आम्ही जी चूक केली ती पहिलीपेक्षा मोठी. दोन दिवस आम्ही त्याला फोन लावत राहिलो. बंद लागायचा, तरी लावत राहिलो. निरोप पाठवले, तेही अदबीने, 'आपण प्रवासात असाल' वगैरे. बँकेत गेलो तेव्हा कळलं की पैसे त्या खात्यातून त्याच दिवशी तुकड्या-तुकड्यांनी पुढे गेले होते. आमचा तर त्याआधीचाच आठवडा पावती कपाटात ठेवून, रंग कुठला द्यायचा या चर्चेत गेला होता. तुमच्यावर वेळ आलीच तर पहिला फोन बँकेला करा, दुसरा पोलिसांना. त्या माणसाला करूच नका, तो सावध होतो आणि तुमचे तास जातात.

तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, की त्याच घराच्या नावावर आमच्याआधी एक जण फसला होता आणि लाजेने गप्प बसला होता. 1925 साली व्हिक्टर लुस्टिग नावाच्या भामट्याने सरकारी अधिकारी असल्याचं भासवून पॅरिसचा आयफेल टॉवर एका भंगारवाल्याला विकला होता. त्या व्यापाऱ्याने शरमेपोटी तक्रार केली नाही असं सांगतात, आणि लुस्टिग पुन्हा तोच टॉवर विकायला परतला. हा किस्सा मी पूर्वी हसत सांगायचे. आमच्याआधीच्या त्या गप्प बसलेल्या माणसाचा मला राग येत नाही, कारण मीही माहेरी तीन आठवडे काही सांगितलं नव्हतं. पण हे लिहायला बसले ते त्याच्यामुळे.

महिन्याभराने आणखी एक फोन आला. 'तुमची केस आम्हाला कळली, रक्कम परत मिळवून देतो, फक्त प्रक्रियेचा खर्च आधी भरा.' आवाज वेगळा, आपुलकी तीच. फसलेल्यांची नावं पुढे दुसऱ्या टोळ्यांना विकली जातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण या वेळी मी ताईला फोन करून विचारलं. ती एवढंच म्हणाली, "ठेव."

आता मला जे उशिरा कळलं ते. समोरच्याने दिलेली कागदाची प्रत तपासायची नसते, कारण ती त्याला हवी तशी असते; नोंदणीच्या कार्यालयातून उतारा आपण स्वतः काढायचा आणि मालकाचं नाव तिथे बघायचं. काही देशांत नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा असतो. ही पद्धत 1858 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थांनी आणली. बाकी ठिकाणी नोंदवही फक्त दस्त झाला एवढंच सांगते, मालकी मागच्या दस्तांच्या साखळीवरून सिद्ध करावी लागते. आपल्या घराला यातलं काय लागू आहे हे वकिलाला विचारायला दहा मिनिटं लागतात. नोंदीतलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि बँकखात्याचं नाव ही तीन जुळली नाहीत तर मेहुणा असो की मामा, पैसे हलवायचे नाहीत. आणि घरात सध्या कोण राहतं, कुठल्या हक्काने राहतं, हे त्या घराबाहेरच्या माणसाला विचारायचं. किल्ली हातात असणं म्हणजे मालकी नव्हे. हे वाचताना इतकं सोपं वाटतं, की मी ते आणखी रंगवून सांगत नाही.

दोन-तीन महिने आम्ही घराचं नाव काढलं नाही. भाड्याची दुसरी जागा बघितली, त्यातच तात्पुरते राहतो आहोत. ताईशी बोलणं पूर्ववत झालं, तेही तिच्यामुळे. पोलिसांकडून अजून काही हाती लागलेलं नाही.

गेल्या रविवारी एक घर बघायला गेलो. मालक दार उघडून उभे होते. नवरा त्यांना म्हणाला, "एक मिनिट," आणि मी शेजारची घंटा वाजवली. आतून एक आजोबा आले. त्यांना बोलायला माणूस हवाच होता. अर्धा तास बोलले. मालक खरेच मालक आहेत, वीस वर्षं राहतायत, स्वभावाने तिरसट आहेत, आणि पावसाळ्यात मागच्या खोलीत गळतं, ते गेल्याच महिन्यात रंग लावून झाकलंय. मालक दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की मोजपट्टी बाहेर काढायचा धीर झाला नाही. नवऱ्याने मात्र मागच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून बघितला. ओल होती.