नारळाच्या रोपवाटिकेतलं तण: खुरपं, आच्छादन की तणनाशक?

मे संपता संपता पिशव्या भरून रांगेत लागतात. जूनमध्ये पाऊस धरतो आणि पंधरा दिवसांत, नारळाचा कोंब दिसायच्या आधीच, पिशवीवर भुईआवळ्याचं हिरवं जावळ उगवतं. गावात नेमकी तेव्हाच भातलावणी चालू असते. बेणणीला, म्हणजे तण काढायला, माणूस मिळत नाही आणि नजर कोपऱ्यातल्या फवारणीच्या पंपाकडे जाते.

ज्यांच्याकडे हजार ते पाच हजार रोपं आहेत आणि जे या वर्षी पहिल्यांदाच तणनाशकाचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी तळकोकणात माडाची आणि थोडी पोफळीची रोपं करतो. माझं मत आधीच सांगतो. पिशव्या मांडायच्या आधी मोकळ्या जागेवर तणनाशकाला जागा आहे. पिशवीच्या आत नाही. असं का, ते पुढे येईल. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुमचा निर्णय वेगळा निघू शकतो, म्हणून प्रत्येक पर्यायाची दोन्ही अंगं मांडतो.

आंब्याच्या कलमाचा शेंडा जळला तर खालून डोळा फुटतो. चिकूचंही तसंच. माडाला मात्र एकच शेंडा असतो. सगळी पानं त्याच एका जागेतून, एकामागून एक येतात. तिथे औषध पोचलं की बाजूने फुटायला दुसरं काही नाही. शिवाय इजा लगेच दिसत नाही. काही वर्षांपूर्वी मी रांगांमधल्या वाटेवर ग्लायफोसेट मारलं. सकाळ शांत होती, मध्येच वाऱ्याची झुळूक आली, एवढंच झालं. तीन आठवडे रोपं नेहमीसारखी हिरवी होती. मग कडेच्या रांगेत नवं पान अरुंद यायला लागलं, काहींची सुई, म्हणजे शेंड्यातलं न उलगडलेलं नवं पान, अडकून वेडीवाकडी उलगडली. बोरॉनच्या कमतरतेत पान असंच दिसतं, म्हणून मी महिनाभर बोरॉन देत बसलो. तोवर त्या रांगेतली काही रोपं गिऱ्हाइकाकडे गेली होती. ती बदलून दिली. पण माड लावणारा माणूस पहिल्या नारळासाठी पाच-सहा वर्षं थांबतो. रोपात दोष असेल तर त्याची तेवढी वर्षं जातात.

आता जरा हिशेब करू, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो. नारळाच्या रोपासाठी सपाट मापात ४५ सेंमी रुंद पिशवी घेतात. भरल्यावर तिचा घेर ९० सेंमी, म्हणजे व्यास जेमतेम २९ सेंमी होतो. अशा हजार पिशव्यांची वरची तोंडं एकत्र मोजली तर साधारण ६५ चौरस मीटर भरतात. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. त्यातही सोडणासकट (वरच्या काथ्याच्या सालीसकट) नारळ पिशवीच्या तोंडाची जवळपास निम्मी जागा घेतो. म्हणजे हजार रोपांमध्ये तण उगवू शकेल अशी उघडी माती ३५ चौरस मीटरच्या आसपास, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

आता पंपाकडे बघा. पेंडीमिथॅलीन ३० टक्के हे उगवणीपूर्वीचं तणनाशक शेतात हेक्टरी ३.३ लिटरच्या आसपास वापरतात. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरच्या पंपाला १०० मिली पडतं आणि तो एक पंप तीन गुंठ्यांना पुरायला हवा. हजार पिशव्या एकाला एक लावून ठेवल्या तर गुंठाभरही जागा अडत नाही. शेतातल्या सवयीने एक पंप त्यांच्यावर रिकामा केला की मात्रा जवळजवळ चौपट होते. नुसत्या उघड्या मातीचा विचार केला तर हजार पिशव्यांना लागणारं औषध अवघं ११-१२ मिली. एवढं मोजून, एवढ्याशा गोल तोंडात, कोंबाला न लागता सारखं पसरवणं पाठीवरच्या पंपाने होत नाही. उलट हीच ३५ चौरस मीटर जागा काथ्याच्या भुशाच्या पाच सेंमी थराने झाकायची तर पाऊण ब्रासही भुसा लागत नाही.

हाताने बेणणं

मजुरी जाते, पण रोपाला धोका नाही. तण दोन पानांवर असताना बोटांनी उपटलं तर मूळ सुटून येतं. तेच महिनाभर राहू दिलं की उपटताना माती हलते, नारळ सैल होतो आणि कोंबाशी फुटणारी कोवळी मुळं तुटतात. त्यामुळे पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी हलका हात फिरवणं हे दोन महिन्यांनी केलेल्या मोठ्या बेणणीपेक्षा स्वस्त पडतं. भुईआवळ्याची तर पानाखाली फळं धरायच्या आत उपटणी झालीच पाहिजे. त्याचं बी उडून शेजारच्या पिशव्यांत पडतं. केना उपटताना जमिनीतले पांढरे दांडेही काढा, कारण तो मातीखालीसुद्धा बी धरतो.

हाताच्या कामाचा आणखी एक फायदा हिशेबाच्या वहीत येत नाही. बेणणारी बाई प्रत्येक रोप जवळून बघते. कुठे वाळवी लागली आहे, कुठे कोंब कुजतो आहे, कुठला नारळ अजून रुजलेला नाही, हे आमच्याकडे आधी तिलाच कळतं.

आच्छादन आणि वीड मॅट

पिशवीत काथ्याचा कुजवलेला भुसा किंवा सोडणाचे बारीक तुकडे, चार-पाच सेंमी जाड. कोंबाभोवती दोन बोटं जागा मोकळी. भाताचं तूस फुकट मिळतं, पण आपल्याकडच्या पावसात ते तरंगून वाहून जातं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे आच्छादन निवडताना विसरू नका. खरा दोष वाळवीचा. सुकं सोडण आणि पालापाचोळा तिला आवडतो, आणि रुजत घातलेल्या नारळालाही ती लागते. म्हणून आच्छादन घातलं की दर आठवड्याला चार-सहा पिशव्यांतला थर बाजूला करून बघायचाच.

पिशव्यांखाली आणि वाटांवर काळी विणलेली वीड मॅट अंथरली तर वाटांवर फवारायची वेळच येत नाही. पहिल्या वर्षी तिचा खर्च डोळ्यांवर येतो, पण ती पुढचे हंगामही चालते. दुसरा उपयोग मला वापरल्यावर कळला. पिशवीच्या भोकांतून निघालेली मुळं जमिनीत घुसत नाहीत, त्यामुळे रोप उचलताना तुटत नाहीत. गैरसोय एकच, पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. डोक्यावर रोपं घेऊन चालणाऱ्यांसाठी मुख्य वाटेवर चिऱ्याचे तुकडे टाका.

तणनाशकं

सगळी तणनाशकं एका जातीची नाहीत आणि दुकानात हा फरक क्वचित सांगितला जातो.

उगवणीपूर्वीची, म्हणजे पेंडीमिथॅलीन किंवा ऑक्सिफ्लोरफेन, मातीच्या वरच्या थरात बसतात आणि रुजणारं बी मारतात. उगवलेल्या तणावर पेंडीमिथॅलीनचा उपयोग नाही. ते काम करतं ते मुळाच्या टोकाची वाढ थांबवून, आणि नारळाची पहिली मुळंही सोडणातून याच वरच्या भागात येतात. भुसा किंवा शेणखत जास्त असलेल्या मिश्रणात ते सेंद्रिय पदार्थाला चिकटून बसतं आणि असर कमी होतो. माशांना ते फार विषारी आहे. रोपवाटिकेचं पाणी ओहोळाला किंवा तळीला जात असेल तर पावसाळ्यात हा विषय तिथेच संपवा. ऑक्सिफ्लोरफेनने कोवळं पान भाजतं, आणि बंदिस्त शेडमध्ये त्याची वाफ रोपांवर येते.

फक्त गवत मारणारी, म्हणजे सोयाबीनमध्ये मारतात ती क्विझालोफॉप किंवा फ्लुआझिफॉप. इथे एक गैरसमज आहे. माड एकदल, गवतही एकदल, मग हे औषध माडाला मारेल असं वाटतं. तसं होत नाही. ही औषधं गवताच्या कुळावर चालतात, आणि माड-पोफळीचं कूळ वेगळं. पिशवीत हराळी मुळांत गुंतली असेल, उपटता येत नसेल, तर सगळ्या तणनाशकांत कमी धोक्याचा पर्याय हाच. पण लव्हाळा गवतासारखा दिसला तरी गवत नाही, त्याला यांनी काही होत नाही. भुईआवळा, दुधी, माका यांनाही नाही. पिशव्यांत तण असतं ते मुख्यतः हेच, त्यामुळे उपयोग थोडाच.

याच्या उलट गैरसमज टू-फोर-डीचा. 'रुंद पानाचं तेवढंच मारतं, माडाला चालतं' असं ऐकाल. माडाच्या कोवळ्या रोपाला ते चालत नाही, देठ पिळवटतात. त्याचा एस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन शेजारच्या वाफ्यापर्यंत जातो. रोपवाटिकेच्या आवारात ते नकोच.

पॅराक्वाट पानाला लागेल तेवढं जाळतं, मुळापर्यंत जात नाही. रोपाच्या दृष्टीने बघितलं तर उडालेल्या थेंबाने ते ग्लायफोसेटपेक्षा कमी नासधूस करतं. तरी मी ते ठेवत नाही. पोटात गेल्यावर त्याला उतारा नाही, आणि आपली रोपवाटिका घराच्या अंगणाला लागून असते. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे.

ग्लायफोसेट सर्वांगी आहे, पानातून मुळापर्यंत जातं. लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत पोचणारं म्हणून त्याचं महत्त्व, आणि माडाच्या सुईपर्यंत पोचणारं म्हणून त्याची भीती. जांभ्याच्या लाल मातीत ते मातीला घट्ट धरून राहतं, त्यामुळे धोका मातीतून कमी आणि पानावर पडलेल्या थेंबातून जास्त. फवारल्यावर काही तास कोरडे मिळाले नाहीत तर ते धुऊन जातं, आणि जुलैत ते तास मिळत नाहीत. केना त्याला पुष्कळदा दाद देत नाही. भारतात ते चहासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी मंजूर झालेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच मर्यादित केला. तेव्हा विकत घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून आजचा नियम विचारून घ्या. दुकानदाराचं 'सगळे मारतात' हे उत्तर धरू नका. बाकीच्या डब्यांचंही तेच, लेबलवर ज्या पिकाचं नाव छापलंय त्याच पिकासाठी ते मंजूर असतं.

फवारणाऱ्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत. पण उघडं अंग, गळका पंप आणि उपाशीपोटी केलेलं काम आपल्याकडेही असतं. हातमोजे, गमबूट, चष्मा आणि तोंडावर मास्क यांची सोय तुम्ही करणार नसाल तर फवारणीचा खर्च कमी येतो असं म्हणू नका, कारण तो खर्च तुम्ही दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो.

मग काय निवडायचं

पिशव्या अजून भरायच्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. तण येतं मातीतून आणि कच्च्या शेणखतातून. एप्रिल-मेमध्ये माती वीतभरापेक्षा कमी जाडीत पसरा, भिजवा, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तापू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. आपले आजे भाताच्या रोपासाठी राब भाजायचे, त्यातही तणाचं बी मारणं हा एक हेतू होताच. इथे ते काम पालापाचोळा न जाळता होतं. मात्र लव्हाळ्याच्या गाठी यातून बऱ्याच वाचतात. माती चाळून गाठी वेचा, आणि लव्हाळ्याच्या जागेची गाळमाती मुळात आणूच नका.

जागा नवी असून लव्हाळ्याने भरलेली असेल, तर ग्लायफोसेट वापरण्याची ही एकमेव वेळ मला पटते. पिशव्या यायच्या आधी, उन्हाळ्यात पाणी देऊन लव्हाळा वाढू द्यायचा, नियमात बसत असेल तर फवारायचं, पानं पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही. निजलेल्या गाठी पुन्हा फुटतात, म्हणून त्यावर मॅट अंथरायची.

पिशव्या मांडून झाल्या आहेत आणि तण घोट्याएवढं आहे, अशी वेळ असेल तर या वर्षी मजुरी मोजा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत एकदा नीट बेणून घ्या, लगेच भुशाचा थर द्या. बेणल्यावर माती उघडी राहिली तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

पोफळीच्या पिशव्या फार लहान, १५ सेंमी रुंद असतात, रोपं नाजूक आणि एकमेकांना लागून. तिथे हाताशिवाय दुसरं काही सुचवत नाही.

आणि एवढं वाचूनही पिशवीतल्या हराळीवर गवताचं औषध मारून बघायचंच असेल, तर आधी २० पिशव्यांवर बघा. त्यांना रंगाची खूण करा, शेजारी न फवारलेल्या २० तशाच ठेवा. निष्कर्ष हराळी मेल्याच्या दिवशी काढू नका. फवारल्यानंतर आलेली तीन नवी पानं पूर्ण उलगडू द्या, दोन्ही रांगांतल्या पानांची रुंदी आणि बुंध्याचा घेर मोजा, आणि तोवर त्या २० पिशव्यांतलं एकही रोप विकू नका.