चालणारा खोटा झेड८०: घरी कॉम्प्युटर बांधणाऱ्यांनी सावध राहा

'झिलॉगचा नवा, सीलबंद, २० मेगाहर्ट्झचा झेड८०, शेवटचा स्टॉक' असा मेसेज तुम्हाला कुणी पाठवला असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आम्ही काही जणांनी मिळून असेच झेड८० प्रोसेसरचे आयसी (चिप) मागवले आणि फसलो. हातात पडलेले आयसी बंद नव्हते, चालत होते. खरा धोका त्यातच आहे.

झेड८० का, हे नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. हा आठ बिटांचा प्रोसेसर १९७६ साली आला. इंटेलमध्ये ४००४ आणि ८०८० या प्रोसेसरवर काम केलेल्या फेडेरिको फाजिन यांनी बाहेर पडून झिलॉग ही कंपनी काढली आणि ८०८० चे प्रोग्राम जसेच्या तसे चालतील असा हा आयसी बनवला. आपल्याकडे डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगला ज्यांनी इंटेलच्याच ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स कीपॅडने ३ई, ३२ असे कोड भरले आहेत, त्यांना इथेही तेच कोड ओळखीचे दिसतात. प्रोसेसर, रॅम, ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारा आयसी), सिरियलसाठी एसआयओ आणि थोडे लॉजिक आयसी जोडले की स्वतः आखलेला कॉम्प्युटर उभा राहतो आणि त्यावर सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. त्यातली एकेक तार कुठून कुठे जाते हे आपल्याला तोंडपाठ असते. हा आनंद मला दुसऱ्या कुठल्या छंदात मिळालेला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये झिलॉगने सुट्या झेड८४सी०० चे (झेड८० ची नंतरची आवृत्ती) उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. शेवटच्या ऑर्डरसाठी १४ जून २०२४ ही तारीख दिली होती. बातमी पसरली तशी घाई सुरू झाली, आणि घाईत असलेले गिऱ्हाईक कुणाला हवेच असते.

आमच्यात पुण्याचा मी, सांगलीचे एक निवृत्त आयटीआय निदेशक, नाशिकचा डिप्लोमाचा एक विद्यार्थी आणि आणखी दोघे-तिघे. माझ्या डिझाइनचा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) सगळ्यांनी मिळून बनवून घ्यायचा ठरला. आयसीसाठी एका ओळखीच्याच्या ओळखीतून एक विक्रेता मिळाला. बोलायला गोड, मराठी माणूस. 'दादा, माल ओरिजिनल आहे, टेन्शन नका घेऊ. आधी एक सॅम्पल घ्या, चालवून बघा, मग बोलू.' सॅम्पल आले. अस्सल झेड८४सी००२० (२० मेगाहर्ट्झचा झेड८४सी००), माझ्या बोर्डवर ७.३७२८ मेगाहर्ट्झला तासन्‌तास चालले. मग सगळ्यांचे पैसे गोळा करून यूपीआयने पाठवले आणि आयसी ज्यात भरून येतात ती अख्खी नळी मागवली. आंब्याच्या पेटीत वरचा थर हापूसचा लावतात, तसे ते सॅम्पल होते.

नळीतले आयसी दिसायला देखणे होते. काळा मॅट पृष्ठभाग, लेझरने कोरलेली स्वच्छ अक्षरे, सगळ्यांवर एकच तारीख. बोर्ड सोल्डर झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. मॉनिटर (सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) येतो, बेसिकचा प्रॉम्प्ट येतो, मग पाच-दहा मिनिटांत टर्मिनलवर कचरा किंवा सगळे ठप्प. रिसेट केले की पुन्हा काही वेळ ठीक. अशा लक्षणांवर जे जे करतात ते सगळे आम्ही केले: प्रत्येक आयसीजवळचे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर तपासले, पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, सोल्डरिंग पुन्हा केले. सांगलीच्या सरांनी तर पीसीबी बाजूला ठेवून सगळे सर्किट ब्रेडबोर्डवर नव्याने जोडले. दोष तोच.

नाशिकच्या मुलाने मध्येच मेसेज केला की सर, मला हे जमणार नाही असे वाटते, मी किट कुणाला तरी देऊन टाकतो. त्याने ट्यूशन घेऊन पैसे जमवले होते, त्याची जोडणी स्वच्छ होती, त्याचे काहीही चुकलेले नव्हते. त्या विक्रेत्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीसाठी.

उलगडा झाला तो सर आपला बोर्ड घेऊन पुण्याला आले तेव्हा. माझ्या बोर्डवरचे सॅम्पल काढून त्यांच्या सॉकेटमध्ये घातले. बोर्ड संध्याकाळभर चालला. त्यांचा आयसी माझ्या बोर्डवर घातला, थोड्याच वेळात माझा बोर्ड अडकला. मग मल्टिमीटर प्रोसेसरच्या ५ व्होल्टच्या लाइनमध्ये लावला. झेड८४सी०० हा सीमॉस, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या पद्धतीचा आयसी आहे, या वेगाला त्याला ५० मिलिअँपिअरच्या आतच पुरते. नळीतला आयसी शंभराच्या वर ओढत होता आणि बोटाला चटका बसेल इतका तापत होता. हा खूप जुना एनमॉस, म्हणजे जास्त वीज खाणाऱ्या आधीच्या पद्धतीचा झेड८० होता, बहुधा ४ मेगाहर्ट्झचा, वरचे नाव बदललेला.

बोर्ड नेमका का अडकत होता तेही मग कळले. माझ्या डिझाइनमध्ये अॅड्रेस डीकोडिंगला (प्रोसेसरला कोणता आयसी हवा ते ठरवायला) ७४एचसी मालिकेचे लॉजिक आयसी आहेत. ५ व्होल्टवर त्यांना 'एक' समजायला ३.५ व्होल्ट लागतात. सीमॉस प्रोसेसर ते सहज देतो. एनमॉस झेड८० ची हमी फक्त २.४ व्होल्टची. म्हणजे प्रत्येक वाचनात सिग्नल काठावर, त्यात वेग जवळपास दुप्पट आणि वर तापमान. डिझाइन मागवलेल्या आयसीसाठी अगदी बरोबर होते. ७४एचसीटी मालिका वापरली असती तर २ व्होल्ट पुरले असते आणि कदाचित ही फसवणूक कधी उघडच झाली नसती.

हे आयसी कसे तयार होतात? जुन्या भंगार बोर्डांवरून तापवून सुटे करतात, पाय सरळ करून त्यांना पुन्हा कथिल चढवतात, वरचे नाव घासून काढतात, त्यावर काळा थर देतात आणि लेझरने हवे ते नाव, हवा तो वेग, हवी ती तारीख कोरतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोनचा बोळा आम्ही घासला तर कापूस काळा झाला, खाली घासल्याचे ओरखडे आणि एकावर जुन्या अक्षरांची पुसट खूण निघाली. एक सावधगिरी: खऱ्या जुन्या आयसीवरची शाईची छपाईही अॅसिटोनने जाते, त्यामुळे अक्षरे पुसली एवढ्यावरून खोटे ठरवू नका. काळा थर सुटतो का ते पाहा. काही नवे थर अॅसिटोनला दादही देत नाहीत. म्हणून आयसी उलटा करून खालची बाजूही बघा. वर सगळ्यांवर एकच तारीख आणि खाली साच्यात उमटलेल्या खुणा प्रत्येकावर वेगळ्या, हे एकाच लॉटमध्ये होत नाही. पायांच्या खांद्यावर ओरखडे असतील तर तो आयसी आधी कुठेतरी बसलेला आहे.

माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र एका चाचणीवर आहे, कारण ती रंगरूप पाहत नाही, सिलिकॉनला विचारते. झेड८० मध्ये ईडी ७१ ही अधिकृत पुस्तिकेत न दिलेली सूचना आहे. सी रजिस्टरमधल्या पोर्टवर एनमॉस आयसी ती चालवताना शून्य पाठवतो, सीमॉस आयसी एफएफ (आठही बिट 'एक') पाठवतो. आउटपुट पोर्टवर आठ एलईडी लावा, दोन-चार बाइट्सचा प्रोग्राम ईप्रॉममध्ये घाला, क्लॉकचा वेग हवा तर कमी ठेवा. सगळे दिवे विझले तर तो झेड८४सी०० नव्हे, वर काहीही लिहिलेले असो. एक मर्यादा लक्षात ठेवा: ६ मेगाहर्ट्झचा सीमॉस आयसी २० चा म्हणून विकला असेल, तर ही चाचणी त्याला पकडणार नाही. त्यासाठी पूर्ण वेगाला, गरम होईपर्यंत चालवून पाहावे लागते.

६५०२ हा दुसरा जुना प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठीही सोपी युक्ती आहे. जुन्या एनमॉस ६५०२ ची १ आणि २१ या दोन्ही पिना ग्राउंड आहेत. आज बनणाऱ्या डब्ल्यू६५सी०२ मध्ये १ नंबरची पिन आउटपुट आहे. सुट्या आयसीवर मल्टिमीटर लावला आणि या दोन पिनांमध्ये सरळ जोडणी वाजली, तर तो डब्ल्यू६५सी०२ नाही. हा आयसी अजून उत्पादनात असून अधिकृत वितरकांकडे मिळतो. भाव थोडा जास्त पडला तरी तिथूनच घ्या.

विक्रेत्याला आम्ही फोटो आणि मोजमापे पाठवली. पहिले उत्तर: 'दादा, तुमच्या सर्किटमध्ये प्रॉब्लेम असेल.' मग: 'पण चालतोय ना आयसी?' मग: 'सोल्डर केलेला माल परत घेत नाही.' आयसी सॉकेटमध्ये होते, सोल्डर केलेलेच नव्हते, हे सांगितल्यावर नंबर ब्लॉक झाला. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आणि पार्सल मिळाले, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही.

कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना किंवा डागडुजी केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. 'चालतोय ना' हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अडचण आमच्या बाजूला कागदाची आहे: हातात एक यूपीआय आयडी, एक बंद नंबर आणि पार्सलवरचा अर्धवट पत्ता. जीएसटी क्रमांक असलेले बिल मागितले असते तर नोटीस कुणाला पाठवायची हे कळले असते. जो विक्रेता असे बिल द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी सॅम्पल कितीही उत्तम निघाले तरी पुढचा व्यवहार करू नका. बिलावर आयसीचा पूर्ण क्रमांक आणि 'नवा' हा शब्द लिहून घ्या.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि नळीतला एकच नव्हे, प्रत्येक आयसी तपासा. जुना, काढलेला आयसी घेण्यात काहीच कमीपणा नाही. प्रामाणिकपणे 'वापरलेला' म्हणून विकणारे आहेत, आणि जुना खरा झेड८० आपल्या वेगाला उत्तम चालतो. एनमॉसच मिळाला तर ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि ७४एचसीटी आयसी धरून डिझाइन करा.

नाशिकच्या मुलाला आम्ही वापरलेला, पण तपासून घेतलेला आयसी पाठवला आणि त्याच्या बोर्डवर सीपी/एम सुरू झाले. खोटे आयसी मी वेगळ्या डबीत, तारखेसह आणि मोजमापांसह ठेवले आहेत, कारण आमची तक्रार अजून चालू आहे. पुणे परिसरात कुणाला आपल्या झेड८० बद्दल शंका असेल तर आयसी घेऊन या, ईडी ७१ चा बोर्ड माझ्या टेबलावर जोडलेलाच असतो.