पासाउ ते व्हिएन्ना: डॅन्यूबकाठची सायकलवाट एकटीच्या खिशाला किती परवडते?

आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

युरोपात सायकल चालवायची आहे, एकटीने, आणि पैसे मोजके आहेत, असं म्हटलं की जो तो हीच वाट सुचवतो. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत नदीच्या काठाकाठाने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या सायकलमार्गाचा हा तुकडा. सपाट आहे, बऱ्याच ठिकाणी घोडे ज्या वाटेने बोटी ओढायचे तीच जुनी वाट आहे, वारा बहुधा पश्चिमेचा म्हणजे पाठीवर. हे सगळं खरंच आहे. पण तुटपुंज्या बजेटवाल्याला ही वाट परवडते त्याचं मोठं कारण म्हणजे इथे बेत बदलला तरी भुर्दंड बसत नाही. दर थोड्या अंतरावर गाव, गावात नाहीतर गावाबाहेर तंबूची जागा, आणि सुरुवातीचा श्ल्योगेनचा पट्टा सोडला तर रेल्वेही फार लांब नसते. गुडघा कुरकुरला, धो धो पाऊस लागला, की सायकलचं वेगळं तिकीट काढायचं आणि पॅसेंजर गाडीत चढायचं. आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या खोल्यांच्या मागे धावत रोज ऐंशी किलोमीटर मारायची गरज पडत नाही.

गंमत म्हणजे व्हिसाला नेमका उलटा माणूस लागतो. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जात तुम्ही कुठे राहणार याचा पुरावा द्यावा लागतो, आणि सायकलवाल्याला तर संध्याकाळी चारपर्यंत ते माहीत नसतं. मी पासाउ, लिंझ, क्रेम्स आणि व्हिएन्ना या चार ठिकाणी हॉस्टेलचं पक्कं बुकिंग केलं आणि मधल्या रात्रींसाठी कॅम्पसाइटना ईमेल टाकून नावावर जागा लिहून घेतली. जोडीला तारखेवार तक्ता. जास्त रात्री ऑस्ट्रियात, म्हणून अर्जही ऑस्ट्रियाकडे. मोठ्या माणसाला फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो लवकर केलेलाच बरा, कारण शेवटच्या घाईत काढलेलं विमानाचं तिकीट बाकी सगळी काटकसर धुऊन नेतं.

स्वतःची सायकल विमानातून नेण्याचा विचार मी हिशोबाच्या वहीतच संपवला. जाता-येता विमान कंपनीचे पैसे, खोकं, ते खोकं ठेवायला जागा, आणि परतीला व्हिएन्नात दुसरं खोकं शोधत फिरणं. पासाउला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला सोडायची सोय आहे, त्याचे थोडे जास्त पडतात, पण ते देऊन टाकावेत. सीट मात्र मी माझी घेऊन गेले होते. दुकानातल्या पोराने हसत हसत पान्याने दोन मिनिटांत बदलून दिली. भाड्याच्या सायकलीच्या बाबतीत माझी एकच सूचना, सीट स्वतःची न्या.

आणि दुसरी सूचना ब्रेकची. तिकडे भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक पॅडलमध्ये असतो. पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला सवय असते ती सिग्नलला उभं राहिल्यावर पॅडल पायाने मागे फिरवून वर आणायची. इथे ते फिरतच नाही, तिथल्या तिथे अडतं. म्हणजे थांबतानाच उजवं पॅडल वर राहील असं थांबायला शिकायचं. सामानाने भरलेल्या सायकलवर पहिल्या सकाळी हे चांगलंच जाणवतं. साधं फ्रीव्हील, म्हणजे पॅडल मागे मोकळं फिरणारं, हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, मिळतं. दुकानाने दुरुस्तीची पिशवीही दिली होती, पण त्यातला पंप सायकलच्या व्हॉल्व्हला बसत नव्हता. हे दुकानाच्या दारातच करून बघितलं म्हणून कळलं, त्यांनी बदलून दिला. तुम्हीही बघा.

आता वाटेबद्दल. पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात, आणि जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात. २०१३ ची खूण डोक्याच्या बरीच वर आहे. निघण्यापूर्वी पाण्याची पातळी बघायची सवय इथेच लागते. पुढे श्ल्योगेनला नदी डोंगरात अडकून जवळजवळ उलटी वळते. डावा काठ धरला असेल तर तिथे वाट मध्येच संपते आणि सायकलीसकट बोटीने पुढे जावं लागतं.

पण माझा जीव जडला तो दोरीवरच्या तराफ्यांवर. ओटन्सहाइमला, आणि पुढे वाखाउ खोऱ्यात श्पिट्झला, नदीवर आडवी पोलादी तार टाकलेली आहे आणि तराफा तिला अडकवलेला. इंजिन नाही. नावाडी तराफ्याचं तोंड प्रवाहाला किंचित तिरकं करतो आणि पाणीच त्याला पलीकडे ढकलत नेतं. मोटारी, सायकली, कुत्री, सगळे मुकाट्याने उभे. फक्त तारेवरून चाक सरकल्याचा आवाज येतो. मी श्पिट्झला पलीकडे गेले, कॉफी प्यायले आणि उगाचच परत आले. दोन्ही वेळचे पैसे आनंदाने दिले.

लिंझच्या पुढे माउटहाउझेन आहे. नाझींची छळछावणी, आता स्मारक. प्रवेशाला पैसे नाहीत. नदीपासून चढ आहे, तो सायकल ढकलत चढा, पण चुकवू नका. इथे आणि हिच्या उपछावण्यांत मिळून निदान ९०,००० माणसं मेली. ग्रॅनाइटच्या खाणीत उतरणाऱ्या १८६ पायऱ्या अजून आहेत. अर्धा दिवस ठेवा आणि त्या दिवशी पुढचं अंतर कमीच धरा.

आता तो अर्धा गुण. खोलीत राहायचं तर एकट्या माणसाची इथे पंचाईत होते. दोघांच्या खोलीचे जवळपास तेवढेच पैसे एकट्याला पडतात, काही ठिकाणी एकाच रात्रीचा मुक्काम म्हणून वर अधिभार, आणि स्थानिक कर वेगळा. ड्युर्नश्टाइनच्या टेकडीवर पडका किल्ला आहे, ११९२ मध्ये धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ऑस्ट्रियाच्या ड्यूकने तिथे डांबलं आणि पुढे जबर खंडणी वसूल झाली. परदेशी पाहुण्याकडून मुक्कामाचे पैसे काढायची परंपरा जुनी दिसते! तंबू असला की हा प्रश्नच मिटतो. कॅम्पसाइटवर एक माणूस आणि एक छोटा तंबू यांचाच हिशोब होतो, आणि उन्हाळ्यात सुद्धा सायकलवाल्याला कोपऱ्यात कुठेतरी घुसवतात. नदीकाठी कुठेही तंबू ठोकायचा विचार करू नका, ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी बंदी आहे.

खाण्याचं सोपं आहे, सुपरमार्केट झिंदाबाद. फक्त रविवारी ती बंद. मोठ्या स्टेशनातली एखादी उघडी सापडते, पण खेड्यात तुम्ही अडकता आणि मग हॉटेलात जेवणावर दोन दिवसांचे पैसे जातात. शनिवारी दुपारीच ब्रेड, चीज, केळी भरून ठेवा. जुलैत वाखाउत असाल तर रस्त्याकडेला जर्दाळू विकायला असतात, तिथे काटकसर करू नका. पाण्यासाठी मुरलेले सायकलवाले कब्रस्तानात शिरतात. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघून घ्या.

व्हिएन्नात शिरताना मोठ्या शहराची धास्ती होती, पण नदीतल्या लांबलचक बेटावरून गाड्यांशिवाय थेट आत जाता येतं. तिथून पुढे सायकल रेल्वेने न्यायची असेल तर लांब पल्ल्याच्या गाड्यांना सायकलचं आरक्षण लागतं आणि जागा थोड्या असतात, पॅसेंजरला नाही लागत. चढांची हौस असेल त्यांना ही वाट मिळमिळीत वाटेल, त्यांनी आल्प्सकडे जावं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर काठ निवडण्याआधी बोटींचं वेळापत्रक बघा, बऱ्याचशा हंगामापुरत्याच चालतात आणि पूल दर गावाला नाही.