झूम एच१एन रेकॉर्डर: सरावाच्या शूटसाठी घ्यावा का?

विद्यार्थ्यांच्या सरावाच्या शूटमध्ये चित्र बऱ्यापैकी निघतं, आवाज मात्र हमखास फसतो. कॅमेऱ्यावरचा माइक नटापासून आठ-दहा फुटांवर, त्यामुळे संवादाच्या आधी पंखाच ऐकू येतो. वेगळा रेकॉर्डर पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी झूम एच१एन जरूर घ्यावा. फक्त त्याच्याकडून काय करून घ्यायचं, हे आधी समजून घ्या.

रेकॉर्डरच्या डोक्यावरचे दोन माइक ९० अंशांत तिरके बसवलेले आहेत. बाजार, पाऊस, रिकामी खोली, असं वातावरण त्यात छान येतं. संवादाच्या वेळी मात्र ते आजूबाजूचंही सगळं ओढून घेतात. त्यावर उपाय एकच, जवळ जाणं: फ्रेमच्या वरच्या कडेला लागून, ओठांपासून दीड-दोन फुटांवर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. तो गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) वाढवून भरून काढला की मागची सळसळ उघडी पडते, आणि ती या यंत्रात जरा जास्तच आहे. वाइड शॉटला इतकं जवळ जाता येत नाही, तिथे कॉलर माइकच लावा. तिथे नेहमीची गफलत पिनेची होते: मोबाइलच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात, इथे दोन रिंगांची पिन लागते. नाहीतर मधे अ‍ॅडॉप्टर हवा.

यंत्राचं अंग प्लास्टिकचं, नुसतं बोट सरकलं तरी खरखर उमटते. मागे ट्रायपॉडचा स्क्रू बसतो, तेव्हा हातात न धरता लांब काठीला घट्ट बसवा. हेडफोनची वायरही काठीला गुंडाळून चिकटपट्टीने पक्की करा. सैल वायर काठीवर आपटते आणि ती टकटक थेट माइकमध्ये शिरते.

सेटिंग: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण १ जीबी लागतो. ऑटो लेव्हल, म्हणजे यंत्राने आपणच गेन कमी-जास्त करणं, बंदच ठेवा. दोन वाक्यांमधल्या शांततेत ते गेन चढवतं, पंख्याची घरघर फुगते आणि एडिटिंगमध्ये प्रत्येक कटवर ती उडी ऐकू येते. नटाला सगळ्यात चढ्या आवाजातलं वाक्य म्हणायला लावा, मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी वरची चकती फिरवा. लिमिटर (अचानक चढलेला आवाज दाबणारी सोय) चालू असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चित्र आणि आवाज नंतर जुळवायला टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी हवीच. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असल्यामुळे लांबलचक सलग टेकमध्ये शब्द ओठांपासून हळूहळू सरकतात. म्हणून टेक छोटे घ्या. लोकेशन सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद खोलीचा आवाज घ्या. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला असेल तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते.

सेल दोन ट्रिपल ए. रिचार्जेबल घातले तर मेनूत तसं निवडा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह चुकीचं दाखवतं. मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतच चालतं. ते यंत्रातच फॉरमॅट करा. बाहेर शूट असेल तर केसाळ विंडशील्डचे (माइकवर चढवायच्या वारारोधक आवरणाचे) पैसे आधीच धरा. वाऱ्याची साधी झुळूकही या उघड्या माइकना सोसत नाही आणि ती फडफड नंतर काढता येत नाही.